‘जाडी’ची पाचवी सफर

१९४४च्या ऑगस्टात आमची पाणबुडी नार्विकहून उत्तरेला निघाली, ती त्या खेपेला कुणाला बुडवायला नव्हे. बर्फाच्या सीमेवर एक ओसाड बेट होतं. तिथे हवामानाचं यंत्र उभारायचं आणि परत फिरायचं, एवढंच काम. वारा कुठून वाहतो, पारा किती उतरला, हवेचा दाब किती, हे त्या यंत्राने दर तीन तासांनी आपण होऊन बिनतारी संदेशाने कळवायचं होतं. जवळ माणूस ठेवायची गरज नव्हती. सहा महिन्यांची वीज साठवलेली दहा लोखंडी पिंपं पाणबुडीच्या पोटात होती, आणि एकेक पिंप धडधाकट माणसापेक्षा जड होतं.

ब्रेमेनला ती पाणबुडी पाण्यात उतरली, त्या दिवसापासून मी, मोमे ब्रोडरसेन, तिच्यावर बिनतारी यंत्रापाशी होतो. वळायला सुस्त, म्हणून सगळे तिला ‘जाडी’ म्हणायचे. पहिल्या सफरीत आम्ही पाच आठवडे हिंडलो आणि धुराची रेघसुद्धा पाहिली नाही. दुसरीत एक मालवाहू जहाज बुडवलं. तिसरीत शत्रूने आम्हाला एकोणीस तास खोल पाण्यात दाबून धरलं. चौथीत एका लाटेने बुरुजावर पहारा करणारा माणूस उचलून नेला. त्याची टोपी तेवढी मागे राहिली.

दुसऱ्या सफरीबद्दल थोडं सांगायला हवं. पाण्याखालचे आवाज ऐकण्याचं कामही आम्हा बिनतारीवाल्यांचंच असतं. जहाज फुटून खाली जाऊ लागलं तेव्हा हेडफोन माझ्या कानांवर होता. लोखंड वाकताना होणारा आवाज मी थोडा वेळ ऐकला. मग त्यात माणसांचंही काहीतरी ऐकू येऊ लागलं. मी हेडफोन काढला आणि शेजारी बसलेल्या योस्ट हार्म्सच्या हातात दिला. योस्टने शेवटपर्यंत ऐकलं. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. एका बाकावर, खांद्याला खांदा लावून आम्ही दहा महिने काढले होते, ते असे.

बेटाचा उत्तरेचा उपसागर मोकळा होता. सहा खलाशांनी दोन रबरी होड्यांतून पिंपं किनाऱ्यावर आणली, ओढत ओढत टेकाडावर चढवली आणि एक होडी आमच्यासाठी ठेवून ते परत गेले. पहिला संदेश नीट जाईपर्यंत तिघांनी थांबायचं होतं. एक मी. दुसरे डॉक्टर आन्सेल्म रीट, यंत्र ज्यांनी बनवलं ते. चाळिशी उलटलेले, जाड भिंगांचा चष्मा लावणारे आणि येताना सात दिवस बादलीत तोंड घालून बसलेले. तिसरा कोर्बिनियान श्टाडलर, मिटेनवाल्डचा, आल्प्सच्या कुशीतला. दोर, बंदूक आणि अस्वलं, ही खाती त्याची.

“मी अर्जात डोंगर लिहिलं होतं,” कोर्बी सांगायचा. “वाचणाऱ्याचा चष्मा हरवला असणार. टाकलं मला समुद्रात!”

आमचे कप्तान थीलेन बुरुजावरून ओरडले, “उद्या दुपारी न्यायला येतो! तोवर आजारी पडू नका!” ते सव्वीस वर्षांचे होते, तरी त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना म्हातारा म्हणायचो.

त्या दिवसांत तिथे सूर्य मावळत नसे. क्षितिजावरून तो नुसता फिरत राही. त्या पिवळट उजेडात आम्ही खांब उभा केला, ताणाचे दोर आवळले, तारा जोडल्या. ठरल्या वेळी पिंपातून खटखट ऐकू आली. एक पितळी नळकांडं फिरू लागलं. हवेचे आकडे ठिपक्या-रेघांत बदलणारं तेच होतं. सुई थरथरली.

डॉक्टरांनी टोपी काढली. “बोलतंय! मोमे, बोलतंय ना ते?”

“बोलतंय, डॉक्टरसाहेब. खणखणीत!”

“तीन वर्षं,” ते म्हणाले. “तीन वर्षं मी याला बोलायला शिकवत होतो.”

यंत्र बोलत होतं, पण त्याला ऐकू येत नव्हतं. ऐकण्याची सोय त्यात ठेवलीच नव्हती. तेव्हा त्याचं आम्हाला काहीच वाटलं नाही.

सकाळी वारा फिरला. उत्तरेकडे एक पांढरी रेघ दिसली, आणि बघता बघता ती जाड झाली. उपसागराच्या तोंडाशी उभी असलेली ‘जाडी’ दिवा उघडझाप करू लागली. मी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. “बर्फ. बाहेर जातो. थांबा.”

मग ती वळली. नेहमीसारखी सुस्तच. बर्फाचे तुकडे तिच्या अंगावर घासत होते, ते आम्हाला किनाऱ्यावर ऐकू येत होतं. घटकाभरात ती दिसेनाशी झाली आणि सगळा उपसागर काठोकाठ भरला. बर्फ हलत होता, एकमेकांवर चढत होता, कण्हत होता. त्यावर पाय ठेवता येत नव्हता आणि त्यातून होडीही जात नव्हती.

आमच्याकडे दोन दिवसांचं खाणं होतं. डब्यातला पाव, सॉसेज, थोडी कॉफी. दुसऱ्या दिवशी आम्ही टेकाडावर यंत्र तपासत असताना खालून फाडल्याचा आवाज आला. एक अस्वल आमच्या रबरी होडीवर बसलं होतं! कोर्बी बंदूक घेऊन धावला. त्याने हवेत एक बार काढला. अस्वलाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा होडी फाडू लागलं. दुसरा बार त्याच्या पायाशी लागला तेव्हा कुठे ते उठलं, सॉसेजची पिशवी तोंडात धरली आणि सावकाश निघून गेलं.

“मारायचं ना त्याला!” डॉक्टर म्हणाले.

“गोळ्या मोजून आहेत, डॉक्टरसाहेब. जखमी करून ठेवलं तर ते आपल्याला मोजेल.”

तिसरा दिवस गेला. चौथा उजाडला, म्हणजे सूर्य फिरून पुन्हा पूर्वेला आला. बर्फ तसाच. ‘जाडी’ बर्फाबाहेर उभी आहे, की बुडाली, की निघून गेली, काही कळायला मार्ग नव्हता. आम्ही तंबूत एकमेकांना चिकटून पडायचो आणि बाहेर आलो की वेगवेगळ्या दगडांवर जाऊन बसायचो. कुणी कुणाचा चेहरा पाहायचा नाही, असं न ठरवताच ठरलं होतं. मी लहानपणापासून समुद्रावर राहिलो. आमचं फोर बेटही एकाकीच. पण तिथे कुठेतरी कुत्रा भुंकतो, चुलीचा धूर दिसतो. इथे दर तीन तासांनी ती खटखट व्हायची आणि थांबायची. बेटावर बोलणारं तेवढंच.

शेवटी मी डॉक्टरांच्या दगडापाशी गेलो.

“डॉक्टरसाहेब, उत्तरेचा वारा आहे. बर्फ इकडे साठलाय, म्हणजे दक्षिण किनारा मोकळा असणार. मधल्या हिमनदीवरून चालत गेलो तर एका दिवसात तिथे पोचू.”

“आणि तिथे काय करू?”

“बोटीला तिथे बोलवायचं.”

“कशाने?” असं विचारता विचारताच त्यांना उमगलं. त्यांचा चेहरा बदलला. “नाही. मोमे, नाही!”

“योस्ट दर तीन तासांनी यंत्र ऐकत असणार. त्याला तसा हुकूमच आहे. नळकांडं काढलं की आतल्या तारांची टोकं हाताने टेकवून मला ठिपके-रेघा पाठवता येतील.”

“ते नळकांडं या थंडीत एकदा काढलं की पुन्हा बसत नाही. स्प्रिंग तुटते. मग हे यंत्र म्हणजे भंगार! आणि बोट तिथे नसेलच तर? मग आपणही गेलो आणि यंत्रही गेलं!”

“नसेलही,” मी म्हणालो. खोटं काय बोलणार!

ते उठून चालू लागले. पाण्याच्या कडेला बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. कोर्बी तंबूच्या तोंडाशी बसून बूट काढत होता. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. तो ती चोळत होता आणि दातांतून शीळ घालत होता. डॉक्टर परत आले आणि त्याच्यासमोर थबकले. वाकून त्यांनी ती बोटं पाहिली.

“कधीपासून?”

“परवापासून. नाचायला अजून आठ आहेत, डॉक्टरसाहेब!”

डॉक्टरांनी खिशातून पेचकस काढला, पिंपापाशी गुडघे टेकले आणि स्वतःच झाकण उघडलं. टिक्क! स्प्रिंग तुटली. पितळी नळकांडं त्यांनी रुमालात गुंडाळून कोटाच्या आत ठेवलं. मग मला जागा करून दिली.

“बोल,” ते म्हणाले. “दोन मिनिटं मिळतात. मग आपोआप बंद होतं.”

मी हातमोजे काढले. तारांची टोकं बोटांना चिकटत होती, सुटताना कातडी घेऊन येत होती. सांकेतिक वही बोटीवर होती आणि उघड बोललं तर शत्रूही ऐकणार. म्हणून जागा आणि माणसं सांगणारे दोनच शब्द निवडले. ‘दक्षिण. तीन.’ दोन मिनिटं तेच तेच. मग तीन तास थांबलो, पुन्हा दोन मिनिटं. आणखी एकदा. मी आयुष्यभर संदेश पाठवत आलो, पण समोर कुणी आहे की नाही हे माहीत नसताना बोलणं काय असतं, ते त्या दिवशी कळलं. विहिरीत ओरडावं आणि प्रतिध्वनीसुद्धा येऊ नये, तसं!

तिसऱ्यांदा बोलून झालं आणि आम्ही निघालो.

पुढे कोर्बी, मध्ये डॉक्टर, मागे मी. तिघांच्या कमरेला एकच दोर. हिमनदी लांबून सपाट दिसायची. जवळ गेल्यावर तिच्यात लाटा होत्या, थिजलेल्या, करड्या. कोर्बी दर पावलाला बर्फात कुदळ खुपसून पाहायचा आणि मगच पाय टाकायचा. दोन बोटं बधीर असलेला तो माणूस समुद्रावर जितका खुळचट वाटायचा, तितकाच तिथे रुबाबदार दिसत होता.

“माझ्या पावलावर पाऊल,” तो मागे न बघता सांगायचा. “इकडे तिकडे नाही. फुलं तोडायला इथे काही नाही.”

माथ्यावर पोचलो तेव्हा दोन्ही समुद्र दिसले. मागचा पांढरा. पुढचा काळा, मोकळा! दक्षिणेला पाणी होतं! मी ओरडलो. डॉक्टर हसले, चष्म्यावरचं बाष्प पुसायला त्यांनी हात वर केला, अर्धं पाऊल बाजूला सरकले. आणि नाहीसे झाले.

दोराला हिसका बसला. मी तोंडावर आपटलो. घसरू लागलो. बोटं, कोपर, गुडघे, काहीच धरेना! पुढे कोर्बीने कुदळ रोवली आणि तो तिच्यावर पालथा पडला. दोर ताठ झाला. थांबलो. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर बर्फाला निळी फट पडली होती.

“डॉक्टरसाहेब!”

खालून आवाज आला, खोल आणि आश्चर्य वाटावं इतका शांत. “आहे. लटकलोय. खाली तळ दिसत नाही.”

“पाय टेकवा भिंतीला!” कोर्बी ओरडला. “दोर दोन्ही हातांनी धरा! मोमे, ओढ!”

ओढलं. हातभर वर आले. पुन्हा खाली. दोर कोर्बीच्या तळव्यांतून सरकत होता आणि त्यावर रक्त दिसत होतं.

“दोन्ही हातांनी म्हणालो ना!”

“एका हातात नळकांडं आहे. कोटातून निसटत होतं.”

कोर्बीने शिवी हासडली, एक भलीमोठी, आमच्या उत्तरेकडे कुणाला माहीतही नसलेली. “डॉक्टरसाहेब, पितळाला धरू की तुम्हाला? माझे हात दोनच आहेत!”

मग खणकन आवाज झाला. पुन्हा एकदा, खालून. मग आणखी खालून, बारीक. मग काही नाही.

“ओढा,” डॉक्टर म्हणाले.

वर आले तेव्हा त्यांचा चष्मा एका कानाला लटकत होता. ते बर्फावर बसले आणि बराच वेळ हातांकडे पाहत राहिले. कोर्बीने रक्ताळलेल्या हाताने त्यांचा चष्मा नीट केला. “चला. इथे बसून सर्दी होईल.”

दक्षिण किनाऱ्यावर काळी वाळू होती, वाहत आलेली लाकडं होती, आणि धुकं होतं. इतकं दाट की पसरलेला हात धूसर दिसायचा. लाकडं पेटवून आम्ही ऊब घेतली. कोर्बीने एक पक्षी मारला. माशांच्या तेलासारखी चव होती त्याला, तरी हाडंसुद्धा चोखली. एक दिवस गेला. दुसरा गेला. मी आगीपासून लांब, पाण्याजवळ बसायचो. बोटीने ऐकलंच नसेल, तर आम्ही त्या बेटावरचा एकुलता एक आवाज उगाच मारला होता. सारखा योस्टचा विचार यायचा. तो त्या बाकावर असेल का? आणि असलाच, तर माझं ऐकून घ्यायला तो का थांबेल?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ताडकन उठलो. दूर, धुक्यात, धडधड. डिझेल इंजिनं! डाव्या इंजिनाची एक ठेच मला ओळखीची होती.

“जाडी! कोर्बी, आपली जाडी!”

कोर्बीने पिस्तुलातून इशाऱ्याचा लाल गोळा उडवला. धुक्यात नुसता गुलाबी डाग उमटला आणि विरला. दुसरं काडतूस ओलं निघालं. आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडलो. त्याने उरलेल्या दोन गोळ्या झाडल्या. इंजिनांच्या आवाजात बुरुजावरच्यांना काय ऐकू येणार! धडधड पश्चिमेला सरकली. बारीक झाली.

डॉक्टर वाळूवर बसले. “गेली.”

मग धडधड एकदम थांबली. आणि मला समजलं! धुक्यात म्हातारा मधूनमधून इंजिनं बंद करायला लावतो. पाण्यातलं ऐकायला! त्या क्षणी कुणीतरी हेडफोन लावून बसलेला असणार. हवेतून आमची हाक पोचणार नव्हती. पाण्यातून पोचेल!

मी कुदळ उचलली आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरलो. श्वास अडकला. पाण्याखाली एक मोठा खडक होता. कुदळीची बोथट बाजू त्यावर हाणली. ठण! ठण! ठण! थांबलो. पुन्हा तीन. पुन्हा थांबलो. पाय कळेनासे झाले. कोर्बी आला, माझ्या हातातून कुदळ घेऊन तो हाणू लागला. मग पुन्हा मी. ठण! ठण! ठण!

इंजिनं सुरू झाली.

आम्ही तिघे निश्चल. आवाज तिथेच घुटमळला. मग मोठा होऊ लागला. आणखी मोठा! धुक्यातून आधी गंजलेलं नाक आलं, मग बुरूज, मग म्हाताऱ्याचा चिरका आवाज. “तिघेही आहात का रे? तिघेही?”

डेकवर ब्लँकेटं होती आणि रमची बाटली. कप्तान डॉक्टरांपाशी आले. “यंत्राचं काय?”

डॉक्टरांनी तोंड उघडलं. कोर्बी मध्येच म्हणाला, “अस्वलाने फोडलं, कप्तानसाहेब.”

“केवढं अस्वल?”

“चष्मा लावणारं.”

कप्तानांनी डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. “अस्वल,” ते म्हणाले. “तसंच लिहितो. मुख्यालयाने दोनदा कळवलं, तिघांना सोडून द्या आणि नव्या जागी जा. मी सांगितलं, बोटीचा एक पंखा अडकलाय.”

“खरंच अडकलाय?” मी विचारलं.

“आता सुटेल.”

खाली बिनतारीच्या खोपटात योस्ट बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. मला पाहून त्याने हेडफोन उतरवला. त्याच्या कानांभोवती लाल कडी उमटली होती.

“यंत्र कसं, शिलाईच्या मशीनसारखं बोलतं,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “तीन-चार दिवसांपूर्वी मध्येच कुणीतरी लंगडत चालल्यासारखं ऐकू आलं. रेघा नुसत्या लांबवलेल्या. म्हटलं, इतका घाणेरडा हात जगात एकाचाच.”

“तू झोपला नाहीस?”

“तुझी पाळी होती, गाढवा. कोण करणार?” त्याने बाकावर सरकून जागा केली. मी बसलो. ओल्या कपड्यांतून पाणी गळत होतं. त्याने स्वतःचा कॉफीचा मग माझ्या हातांत दिला आणि बोटं मिटेनात म्हणून वरून आपले हात धरले. त्या जहाजाबद्दल आम्ही तेव्हाही बोललो नाही, पुढेही नाही.

कोर्बीची दोन बोटं गेली. ‘जाडी’ने आणखी दोन सफरी केल्या आणि एकही पाणतीर सोडला नाही. ४५च्या मे महिन्यात आम्ही शरणागतीचं काळं निशाण लावून स्कॉटलंडच्या किनाऱ्याला गेलो आणि तिला इंग्रजांच्या ताब्यात दिलं. त्या हिवाळ्यात मी कैदी म्हणून तिथेच बटाटे काढत होतो. एका पहारेकऱ्याने सांगितलं की तिला इतर पाणबुड्यांबरोबर दोरखंडाने ओढत खोल समुद्रात नेलं आणि रिकामीच बुडवलं. त्याने तारीखही सांगितली.

पुष्कळ वर्षांनी डॉक्टर रीटांचा पत्ता मिळाला. दक्षिणेकडच्या एका डोंगरावर छोट्या वेधशाळेत ते पाऊस मोजत होते. ‘जाडी’ बुडवल्याचं कळवून, त्या तारखेला तिथल्या समुद्रावर हवा कशी होती, एवढंच मी त्यांना पत्रात विचारलं.

त्यांचं कार्ड आलं. बारीक, सरळ अक्षर. ‘वायव्येचा जोरदार वारा. लाटा उंच. पाऊस. ढग फार खाली.’ त्याखाली पेन्सिलीने आणखी एक ओळ होती. ‘आत कुणी नव्हतं ना? ते माझ्या नोंदींत सापडत नाही.’

मी त्याच दिवशी पोस्टात जाऊन उत्तर टाकलं. कुणी नव्हतं, डॉक्टरसाहेब. आम्ही सगळे बाहेर होतो.